हाती काम, मुखी नाम

वारकरी संप्रदायात देवाचे अनुसंधान ठेवण्यासाठी प्रपंच सोडावा लागत नाही. तेराव्या-चौदाव्या शतकांतल्या संतमेळ्यात माळी, कुंभार, शिंपी, सोनार, न्हावी होते आणि संतपदाला पोचूनही त्यांतल्या अनेकांनी आपापला धंदा सोडला नाही. तुळशीची माळ, एकादशी, वारी हे नेम आहेतच. पण दोन वाऱ्यांमधले दिवस नामस्मरणाचे, आणि ते हातातले काम चालू ठेवूनच करायचे.

सोलापूर जिल्ह्यातल्या अरणचे सावता माळी हे याचे ठळक उदाहरण. पंढरपूर जवळ असूनही ते मळा सोडून वारीला गेले नाहीत, असे परंपरा सांगते. मळ्यातली मेहनत हीच त्यांची पूजा.

बायकांच्या वाट्याला जाते आले. नामदेवांच्या घरी राबणाऱ्या जनाबाईंच्या अभंगांत दळण-कांडण, झाडलोट विठ्ठलाच्या सोबतीने होते. ही नुसती कविकल्पना नव्हे. दळणाची घडणच तशी होती. पहाटे दोघी समोरासमोर बसत, खुंटा धरून जाते फिरवत, मधूनमधून मूठभर दाणे वैरत. फेऱ्याच्या लयीत ओवी आपसूक बसे. हात सरावलेले, त्यामुळे मन मोकळे. एरवी त्यात काळज्या आणि उणीदुणी शिरत; ओवीमुळे तिथे विठ्ठल येई. हेमा राईरकर आणि गी पॉइटविन यांच्या पुढाकाराने महाराष्ट्रातल्या गावागावांतून अशा लाखाहून अधिक ओव्या गोळा झाल्या. त्यांत सासर-माहेरच्या सुखदुःखाइतकीच पंढरीही भरलेली आहे.

नामात रंगून कामाचे भान सुटले तर? तेरच्या गोरा कुंभारांची कथा प्रसिद्ध आहे: चिखल तुडवताना ते भजनात इतके बुडाले की पायाखाली आलेले स्वतःचे मूल त्यांना दिसले नाही. पुढे विठ्ठलकृपेने मूल परत मिळते आणि कथा भक्तीची पराकाष्ठा म्हणून सांगितली जाते. रोजच्या साधनेपुरता मात्र तो इशाराच मानावा. समोरच्या लेकराचा विसर पाडणारे स्मरण संसारी माणसाच्या कामाचे नाही.

वारकरी परंपरेबाहेर, साताऱ्याकडच्या गोंदवल्याचे ब्रह्मचैतन्य महाराज (१८४५–१९१३) यांनीही प्रपंचातल्या माणसांना तेरा अक्षरी राममंत्राचा जप सांगितला.

कामासोबतच्या नामाची सुरुवात अंगवळणी पडलेल्या कामापासून करावी: भाजी निवडणे, केर काढणे, कपडे वाळत घालणे. हिशेब किंवा यंत्रावरचे काम सगळे लक्ष मागते. तिथे आधी आणि नंतर नाम घ्यावे, मधल्या वेळी काम चोख करावे. मन भरकटले तर स्वतःला दोष देत बसू नये, पुन्हा नामाकडे वळावे.