लहरींच्या मागे शंभर वर्षं

१९२४ साली जर्मनीतल्या येना गावी हान्स बर्गर यांनी माणसाच्या मेंदूतल्या विद्युतलहरी पहिल्यांदा नोंदवल्या. या लहरींना वळण लावता येतं, हे कळलं साठच्या दशकात, तेही मांजरांमुळे. कॅलिफोर्नियात बॅरी स्टरमन यांच्या प्रयोगशाळेत ठरावीक लय उमटली की मांजराला खाऊ मिळे, आणि मांजरं ती लय वाढवायला शिकली. पुढे रॉकेटच्या विषारी इंधनाची चाचणी घेताना दिसलं, की या शिकलेल्या मांजरांना झटके उशिरा येतात. त्याच धाग्यावर १९७६ साली जोएल ल्युबार यांनी एका अतिचंचल मुलाबद्दल लिहिलं आणि न्यूरोफीडबॅक मुलांपर्यंत आलं. डोक्यावर इलेक्ट्रोडची टोपी, समोर पडद्यावर खेळ. संथ थीटा लहरी उतरल्या, वेगवान बीटा चढल्या की खेळ पुढे सरकतो. अशा तीस-चाळीस बैठका.

आपल्याकडे, बारामती-इंदापूर भागात, असं अतिचंचल मूल वर्षानुवर्षं ‘वांड’ म्हणून मागच्या बाकावर गेलं. २००७च्या ‘तारे जमीन पर’ने निदान वाचन-लेखनाच्या अडचणीकडे पालकांचं लक्ष वळवलं. २०१३पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं शाळा-अंगणवाड्यांत मुलं तपासू लागली, २०१९ला बारामतीत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. तरी उसाच्या हंगामात कारखान्याच्या तळावर राहणाऱ्या, मध्यरात्री आईबापांबरोबर उठणाऱ्या मुलाचं लक्ष अभ्यासात का लागत नाही, हे कुठल्याही टोपीतून कळणार नाही. त्याला आधी पुरेशी झोप हवी.

२०२१ साली न्यूरोफीडबॅकच्या अमेरिकेतल्या एका चाचणीचा निकाल आला. सात ते दहा वर्षांची १४४ मुलं. काहींना खरं प्रशिक्षण, काहींना हुबेहूब पण लटकं. दोन्ही गटांतली मुलं सुधारली आणि फरक नगण्य राहिला. पुढे ३८ चाचण्यांचा एकत्र आढावाही, कोणाला काय मिळतंय हे ठाऊक नसलेल्यांच्या नोंदींत, ठोस फायदा दाखवू शकला नाही. मला ही मुलं सुधारली हे फार मोलाचं वाटतं. कुणीतरी आठवड्यातून अनेकदा त्यांच्याजवळ शांत बसलं, जमलं की लगेच शाबासकी दिली. एवढ्यासाठी इंदापूरच्या मजुराने रोज बुडवून तीस-चाळीस वेळा पुणं गाठावं, असं मी सांगणार नाही. आधी डोळे-कान तपासावेत, मग बालरोगतज्ज्ञ किंवा मानसोपचारतज्ज्ञ गाठावा. गरज असेल तर त्यांच्या देखरेखीखाली औषध द्यावं. जवळ कुणी नसेल तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य आहे. आणि बाईंना सांगून मुलाला पुढच्या बाकावर बसवावं, गणितं पाच-पाचच द्यावीत.