वीज कुठून येते, ते आधी विचारा

साध्या यंत्रमागावर बाणा तुटला की माग आपोआप थांबतो. धाग्याने काट्याला रेटा दिला नाही, की काटा आकड्यात अडकतो आणि हँडल सुटते. सगळे काम लोखंडाचे. विठ्ठलराव दातारांनी 1904 साली इचलकरंजीत पहिला यंत्रमाग आणला, तेव्हापासून कबनूरपर्यंतच्या या पट्ट्याने ही करामत पाहिली आहे. रॅपियर मागावर मात्र हे काम बोटभर सेन्सर करतो, आणि डिप्लोमाच्या मुलांना छळणारा ॲक्टिव्ह-पॅसिव्हचा फरक त्याच मागावर नीट कळतो.

या सेन्सरमध्ये सिरॅमिकचे छिद्र असते. बाणा त्यातून घासत पळतो, त्या थरथरीने आतली पिझो चकती दाबली जाते आणि ती स्वतःच व्होल्टेज तयार करते. धागा तुटला, थरथर थांबली, सिग्नल गेला, माग बंद! क्वार्ट्‌झचा हा गुण क्युरी बंधूंनी 1880 मध्ये दाखवला. गॅसच्या लायटरची ठिणगीही त्याचीच. मोजायच्या गोष्टीतूनच वीज निर्माण करतो तो ॲक्टिव्ह ट्रान्सड्यूसर. पुढच्या ॲम्प्लिफायरला वीज लागते, पण ती सिग्नल मोठा करायला.

आता त्याच मागाचा ताणा पाहा. इलेक्ट्रॉनिक लेट-ऑफच्या अनेक मागांवर त्याचा ताण लोडसेल मोजतो. त्यातल्या धातूवर चिकटवलेली स्ट्रेन गेज किंचित ताणली जाते आणि तिचा रोध बदलतो. बाहेरून व्होल्टेज दिल्याशिवाय तो बदल दिसत नाही. हा पॅसिव्ह.

मग ताण्यालाही पिझोच का लावत नाहीत? कारण पिझोवरचा भार स्थिर राहिला, की त्यावर जमलेला विद्युतभार हळूहळू गळून जातो आणि वाचन शून्याकडे सरकते. पळता बाणा त्याला ओळखता येतो, तासन्‌तास टिकणारा ताण नाही. या विषयातला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा मुद्दा हाच, आणि परीक्षेच्या तक्त्यांत नेमका तोच राहून जातो.

सायझिंगमध्ये खळीचे तापमान मोजताना हाच फरक दुरुस्तीत उपयोगी पडतो. के-टाइप थर्मोकपल ॲक्टिव्ह. दोन टोकांच्या तापमानातल्या दर अंशाच्या फरकाला साधारण 41 मायक्रोव्होल्ट देते. त्याची वायर वाढवताना साधी तांब्याची जोडली तर वाचन चुकते, कॉम्पेन्सेटिंग केबलच हवी. पीटी-100 पॅसिव्ह; शून्य अंशाला 100 ओहम, शंभर अंशाला 138.5. दोनच वायरींवर जोडला आणि केबलचा रोध एक ओहम भरला, तर खळ आहे त्यापेक्षा अडीच अंशांहून जास्त गरम दिसते. तिसरी वायर त्यासाठीच असते, तेव्हा खर्च वाचवायला ती कापू नका.

काही परदेशी पुस्तकांत ही दोन नावे नेमकी उलटी वापरतात. तिथे नावावर न जाता सप्लाय लागतो का, एवढेच पाहावे.