करिअर ऐन भरात असताना रॉक अँड रोल सोडून हा गायक थेट देवाच्या गाण्यांकडे का वळला?

ऑक्टोबर १९५७. लिटल रिचर्ड ऑस्ट्रेलियाच्या दौऱ्यावर होता. ‘टुटी फ्रुटी’, ‘लाँग टॉल सॅली’ अशा गाण्यांनी त्याने दोनच वर्षांत धुमाकूळ घातला होता. आणि अचानक या पठ्ठ्याने जाहीर केलं, की रॉक अँड रोल बंद! बोटांतल्या महागड्या अंगठ्याही त्याने पाण्यात फेकून दिल्या.

असं झालं तरी काय?

रिचर्डच्या सांगण्यानुसार, सिडनीत कार्यक्रम सुरू असताना त्याला आकाशात आगीचा गोळा जाताना दिसला. तो स्पुटनिक होता, असं त्याला नंतर सांगण्यात आलं. रशियाने तो उपग्रह त्याच महिन्याच्या ४ तारखेला सोडला होता. रिचर्डने मात्र तो देवाचा इशारा मानला.

पण खरं कारण आकाशात नव्हतं, ते त्याच्या लहानपणात होतं.

१९३२ साली जॉर्जियातल्या मेकन गावी जन्मलेला रिचर्ड चर्चमध्ये गातच मोठा झाला. चौदाव्या वर्षी त्याला मोठ्या मंचावर पहिली संधी दिली, तीही सिस्टर रोझेटा थार्प या गॉस्पेल गायिकेने. गॉस्पेल म्हणजे कृष्णवर्णीय अमेरिकनांची ख्रिस्ती भक्तिगीतं. टाळ्यांचा ठेका, पियानोचा जोर, टिपेला जाणारा आवाज हे सगळं रॉक अँड रोलने तिथूनच उचललं. गंमत अशी, की त्याच चर्चमधले अनेक लोक रॉकला ‘सैतानाचं संगीत’ म्हणत. त्यात रिचर्ड समलिंगी होता आणि आपण पापी आहोत ही टोचणी त्याला आयुष्यभर लागून राहिली.

अमेरिकेत परतल्यावर त्याने अलाबामातल्या ओकवूड कॉलेजात धर्मशिक्षण घ्यायला सुरुवात केली. इकडे त्याच्या जुन्या कंपनीने आधी ध्वनिमुद्रित केलेलं ‘गुड गॉली मिस मॉली’ १९५८ मध्ये बाजारात आणलं आणि ते गाजलंही! म्हणजे गायक प्रार्थनेत, तर त्याचा आवाज नाचाच्या पार्ट्यांमध्ये!

त्यानंतर रिचर्डने गॉस्पेल ध्वनिमुद्रित केलं. १९६२ मध्ये आलेल्या ‘द किंग ऑफ द गॉस्पेल सिंगर्स’ या अल्बमचा निर्माता होता क्विन्सी जोन्स, म्हणजे पुढे मायकल जॅक्सनचा ‘थ्रिलर’ घडवणारा माणूस. पण रॉकसारखं यश काही मिळालं नाही.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तो इंग्लंडला गेला. पहिल्याच कार्यक्रमात त्याने गॉस्पेल गायलं आणि रॉक ऐकायला आलेले प्रेक्षक थंड पडले. त्यानंतर सहगायक सॅम कुकने सभागृह डोक्यावर घेतलं. मग मात्र रिचर्डला राहवेना. तो पियानोवर बसला आणि जुनी गाणी सुरू झाली! याच दौऱ्यात त्याच्या आधी गायला होता लिव्हरपूलचा एक नवखा बँड, ज्याची पहिली रेकॉर्ड येऊन जेमतेम आठवडा झाला होता. त्याचं नाव बीटल्स!

गोष्ट इथे संपत नाही. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस व्यसनांनी पोखरलेला रिचर्ड पुन्हा धर्माकडे वळला, १९७९ मध्ये त्याने आणखी एक गॉस्पेल अल्बम केला आणि ऐंशीच्या दशकात तो पुन्हा रॉककडे आला. ९ मे २०२० रोजी त्याचं निधन झालं.

चर्च आणि रॉक यांपैकी एकच निवडायचं, असं त्याला वाटत राहिलं. त्याची रॉक आणि गॉस्पेलची रेकॉर्ड एकापाठोपाठ एक ऐकून बघा. आवाज दोन्हीकडे तोच आहे!