बिळातली परीक्षा

आमच्या शेजाऱ्यांकडे एक डॅशहाउंड आहे. लांबोडके अंग, वीतभर पाय आणि चेहऱ्यावर एखाद्या निवृत्त मामलेदाराचा भाव. एरवी अत्यंत सभ्य असलेल्या या गृहस्थाने गेल्या पावसाळ्यात एकाएकी उकराउकर सुरू केली आणि शेजारीणबाईंचा निशिगंधाचा वाफा चार दिवसांत पालथा घातला. रागावून झाले, बांधून झाले. पण मातीत कुठे खुसपुसले की स्वारी पुन्हा वाफ्यात हजर! ‘याला वळण म्हणून नाही,’ असा निकाल साऱ्या आळीने दिला.

मला मात्र त्याचे वकीलपत्र घ्यावेसे वाटले. भाषा शिकवणाऱ्या माणसाला शब्दांत पुरावे शोधायची खोड असते. जर्मन भाषेत ‘डाख्स’ म्हणजे बॅजर, हे बिळात राहणारे एक दांडगे जनावर; आणि ‘हुंड’ म्हणजे कुत्रा. त्याचा भाऊबंद जो टेरिअर, त्याच्या नावात तर लॅटिनमधली ‘टेरा’, म्हणजे भूमीच आहे. ज्यांच्या नावातच माती, त्यांनी ती उकरू नये तर काय करावे?

या कुळातल्या कुत्र्यांसाठी अमेरिकेत चक्क परीक्षा घेतात. १९७१ साली पॅट्रिशिया अॅडम्स लेंट या बाईंनी त्यासाठी एक संस्था काढली. पुढे १९९४ पासून ‘अमेरिकन केनेल क्लब’ही ‘अर्थडॉग’ या नावाने अशा चाचण्या घेऊ लागला. माळावर चर खणतात, त्यात लाकडी भुयार बसवतात आणि वरून माती लोटतात. भुयार ९ इंच रुंद आणि ९ इंच उंच, खाली मात्र उघडी जमीन. पहिल्या पदवीच्या परीक्षेला लांबी ३० फूट आणि वाटेत काटकोनातली तीन वळणे. (वळणाची परीक्षा म्हणतात ती ही!) तोंडाशी कुत्रा सोडला की ३० सेकंदांत त्याने दुसरे टोक गाठायचे आणि तिथल्या सावजापुढे पूर्ण एक मिनिट भुंकून, उकरून, गुरगुरून आपली जिद्द दाखवायची. तेथे पहिला-दुसरा नंबर नसतो. उत्तीर्ण किंवा अनुत्तीर्ण, एवढेच. दोन निरनिराळ्या परीक्षकांकडून दोनदा उत्तीर्ण झाला, की कुत्र्याच्या नावामागे पदवी लागते. आमच्या कॉलेजातल्या काही मंडळींनी हा नियम जरूर वाचावा.

आणि सावज? पिंजऱ्यातले दोन उंदीर. मध्ये भक्कम गज असल्याने कुत्र्याचा दात त्यांना लागत नाही. सरावलेले उंदीर तर त्या गदारोळातही खुशाल दाणे कुरतडत बसतात म्हणे. तरीही उंदराला कोणी विचारले आहे काय, ही शंका माझ्या मनातून जात नाही. नियमांत वास लावलेल्या, हलवता येणाऱ्या खोट्या सावजाचीही सोय आहे. माझे मत त्या बाजूला.

हा लुटुपुटीचा खेळ निघाला, त्यामागे मोठी रक्तरंजित हकीकत आहे. इंग्लंडात टेरिअर बिळात सोडत ते खोकडासाठी. (‘फॉक्स’ला आपण पाठ्यपुस्तकांतून कोल्हा म्हणत आलो, पण कोल्हा निराळा.) डेव्हन परगण्यातले जॉन रसेल हे धर्मोपदेशक शिकारीचे मोठे षोकी. ऑक्सफर्डला शिकत असताना, १८१९ साली, त्यांनी एका गवळ्याकडून ‘ट्रम्प’ नावाची कुत्री विकत घेतली; जॅक रसेल टेरिअरचा वंश तिथून सांगतात. रसेलसाहेबांना कुत्र्याने खोकड मारायला नको असे, फक्त बाहेर हुसकायला हवे असे. छाती बिळात मावेल की नाही, हे पाहण्यासाठी आजही जाणकार कुत्र्याच्या खांद्यामागे दोन्ही हातांची कव घालून बघतात.

पण साऱ्यांनाच हा विवेक नव्हता. बॅजरवर कुत्री सोडून तमाशा पाहण्याचा धंदा इंग्लंडात इतका माजला, की १८३५ साली कायद्याने तो बंद करावा लागला. कुत्र्यांनी सस्तन प्राण्यांची शिकार करण्यावर इंग्लंड-वेल्समध्ये २००४ च्या कायद्याने बंदी आली. बिळात कुत्रा घालण्याला त्यात एक अरुंद फट ठेवली आहे: शिकारीसाठी पाळलेल्या पक्ष्यांच्या रक्षणापुरती, आणि एका वेळी एकच कुत्रा. कायदा बदलला, पण दोनशे वर्षे निवडून निवडून ज्याच्या रक्तात बीळ भरले, त्या कुत्र्याला ही बातमी कोणी सांगावी?

या परीक्षेतला खरा कसोटीचा क्षण वरच्या इयत्तेत येतो. तिथल्या भुयाराला एक फसवी बाहेरची वाट असते आणि एक रिकामी, नुसत्या वासाची खोली. तेही ओळखून कुत्रा सावजापाशी पोचतो, दीड मिनिट झुंजतो. मग उंदीर उचलून घेतात आणि परीक्षक मालकाला सांगतात, ‘आता बोलवा.’ त्याने ९० सेकंदांत बाहेर यायचे. एरवी दोरीच्या टोकाला असणारा कुत्रा आता मातीखाली, अंधारात. साखळी नाही, नजर नाही, आहे ती फक्त हाक. पूर्वी खऱ्या बिळात असे अडकलेले कुत्रे फावडी घेऊन खणून काढावे लागत, कित्येक तर तिथेच संपत. म्हणून जायचे शिकवावे लागत नाही, यायचे शिकवावे लागते. चांगले पोक्त स्त्री-पुरुष गुडघ्यांवर बसून, प्रसंगी गवतावर पालथे पडून त्या ९ इंची भोकात लाडिक हाका घालतात. आतून नुसता उकरल्याचा आवाज येत असतो.

शेजाऱ्यांना मी हे सगळे एका संध्याकाळी ऐकवले. शेजारीणबाई काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी पाहतो तो निशिगंधाचे कंद कुंड्यांत गेले होते आणि वाफ्यात मामलेदारसाहेब शेपटीपर्यंत गडप झाले होते. बाई वाफ्याच्या कडेला उभ्या राहून त्यांना जेवायला हाका मारीत होत्या.