परदेशातील लेकीचा वाढदिवस

आमच्या नाशिकच्या घरात दरवर्षी डिसेंबरातील एका सकाळी सहा वाजताच औक्षणाचे ताम्हण तयार होते. निरांजनात तुपाची वात, हळद-कुंकू, अक्षता, सुपारी, अंगठी आणि साखरेची वाटी. सासूबाई सामायिक आटोपून उठल्या की प्रथम हे सारे मांडून ठेवतात. औक्षण मात्र साडेअकरा वाजता व्हायचे असते, कारण जिचे औक्षण करायचे ती जर्मनीत असते आणि आमचे साडेअकरा म्हणजे तिच्याकडचे सकाळचे सात. “दादी, तुम्ही इतक्या लवकर कशाला तयारी करता?” असे नात विचारते. सासूबाईंचे उत्तर ठरलेले: “वाढदिवस तुझा सहालाच सुरू झाला. तू उठली उशिरा.”

पहिल्या वर्षी त्यांनी फोन भिंतीला टेकवून उभा केला, ओवाळले आणि सवयीने बोट पुढे करून पडद्यावरील कपाळाला कुंकू लावले. काचेवर उमटलेला तो लाल ठिपका पाहून आम्ही सारे हसलो. फोन यजमानांचा होता. तो घेऊन ते रविवार कारंजावरील दुकानात गेले. दिवसभर गिऱ्हाइकांचे, दलालांचे, आडत्यांचे फोन त्यावर आले; पण रात्री दुकान वाढवून ते घरी परतले तेव्हा तो ठिपका तसाच होता. त्यांनी काच पुसली नव्हती.

आपल्या समाजातील किती घरांत आज असे वाढदिवस साजरे होत असतील! कोणाचा मुलगा अमेरिकेत, कोणाची लेक इंग्लंडात, कोणाचे बंधू हिऱ्यांच्या व्यापारानिमित्त अँटवर्पला. वरवर पाहता ही लहान गोष्ट. परंतु घरापासून दूर असलेल्या माणसाला वाढदिवसाच्या दिवशी दोन प्रश्न हमखास भेटतात. माझे येथे कोण आहे? आणि मी येथे कोण आहे? पहिल्या प्रश्नाचे उत्तर मित्र देतात. दुसऱ्याचे उत्तर ज्याचे त्याला शोधावे लागते.

हा प्रश्न आजचा नाही. कल्याण येथे ३१ मार्च १८६५ रोजी जन्मलेल्या आनंदीबाई जोशी यांनी ७ एप्रिल १८८३ रोजी कलकत्त्याहून अमेरिकेकडे प्रयाण केले, तेव्हा त्यांच्या वयाला अठरा वर्षे पूर्ण होऊन अवघा आठवडा झाला होता. पती बरोबर नव्हते. ४ जून रोजी त्या न्यूयॉर्कला पोचल्या आणि न्यू जर्सीतील रोझेल येथील थिओडिशिया कार्पेंटर या बाईंनी त्यांना मायेने घरात घेतले. पुढे फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयात शिकत असताना एकोणिसावा, विसावा आणि एकविसावा असे तीन वाढदिवस आनंदीबाईंनी अमेरिकेत पाहिले. घरून निघालेले पत्र हाती पडायला महिनाभर लागण्याचा तो काळ. शाकाहार आणि लुगडे सांभाळून त्या कडाक्याच्या थंडीत राहिल्या. ११ मार्च १८८६ रोजी त्यांना वैद्यकीय पदवी मिळाली. त्यानंतर वीस दिवसांनी त्यांना एकविसावे वर्ष पूर्ण झाले. बाविसावा वाढदिवस मात्र त्यांच्या नशिबी नव्हता. मायदेशी परतल्यावर २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले.

आपल्या समाजाचे वीरचंद राघवजी गांधी हे आनंदीबाईंहून केवळ सात महिन्यांनी मोठे. त्यांचा जन्म २५ ऑगस्ट १८६४ रोजी सौराष्ट्रातील महुवा येथे झाला. शिकागोच्या सर्वधर्मपरिषदेचे निमंत्रण आचार्य विजयानंदसूरी तथा आत्मारामजी महाराजांना आले होते. साधुमर्यादेमुळे महाराजांना जाणे शक्य नव्हते, म्हणून त्यांनी या तरुण श्रावकाला पाठवले. ११ सप्टेंबर १८९३ रोजी परिषद सुरू झाली तेव्हा वीरचंदभाईंना एकोणतीस वर्षे पूर्ण होऊन सतराच दिवस झाले होते. समुद्रपर्यटन निषिद्ध मानणाऱ्या लोकांकडून त्यांना विरोधही सोसावा लागला. पण ते परदेशात राहिले ते श्रावकाचे आचार सांभाळून आणि त्या आचारांमागचा विचार लोकांना समजावून देत. दोघांची वये पाहिली की आपल्या मुलांची आठवण होते. त्यांच्यापुढचा प्रश्न आणि आपल्या मुलांपुढचा प्रश्न एकच आहे. फरक एवढाच की आता पत्राची महिनाभर वाट पाहावी लागत नाही.

तरीही फोनने सगळे अंतर मिटते असे नाही. आमच्या लेकीचा जन्म पहाटे तीनचा. त्या क्षणी जर्मनीत घड्याळात आदल्या रात्रीचे साडेदहा वाजलेले होते. “मम्मी, इथल्या हिशेबाने माझा वाढदिवस एक दिवस आधी आहे,” असे ती गमतीने म्हणते. त्यात तिथीची भर. तिची जन्मतिथी मार्गशीर्ष शुद्ध एकादशी, म्हणजे मौन एकादशी. चांद्र वर्ष सुमारे ३५४ दिवसांचे आणि सौर वर्ष ३६५ दिवसांचे असल्याने तिथी दरवर्षी अकरा दिवस अलीकडे सरकते आणि अधिक मास आला की पुन्हा पुढे जाते. १९ सौर वर्षांत जवळजवळ नेमके २३५ चांद्र मास बसतात, म्हणून एकोणिसाव्या, अडतिसाव्या आणि सत्तावन्नाव्या वाढदिवसाला तारीख आणि तिथी पुन्हा एकमेकींच्या शेजारी येऊन बसतात. सासूबाईंना हे गणित ठाऊक नाही. पण “एकोणिसाव्या वर्षी दोन्ही एकत्र आले होते” एवढे त्यांच्या पक्के लक्षात आहे.

आता एक गोष्ट सांगते. ती सांगावी की नाही याचा मी बराच विचार केला. लेकीने संमती दिली, म्हणून लिहिते.

तेथील पहिल्या वाढदिवसाला तिच्या विद्यापीठातील सहाध्यायांनी प्रेमाने केक आणला. मेणबत्त्या लावल्या, गाणे म्हटले. कोणीतरी तीन तास खपून तो केक स्वतःच्या हाताने बनवला होता. त्यात अंडे आहे हे तिला विचारावे लागले नाही. दहा-बारा माणसे तिच्या तोंडाकडे पाहत होती. तिने एक घास खाल्ला.

त्या रात्री तिचा फोन आला. बराच वेळ ती काही बोललीच नाही. मग हुंदका आला. “मला नाही म्हणता आले नाही, मम्मी.” मी गप्प झाले. रागवावे तर ती इतक्या दूर, एकटी. समजूत घालावी तर मलाच शब्द सापडेनात. सासूबाई शेजारी जपमाळ घेऊन बसल्या होत्या. त्यांनी माझ्या हातातून फोन घेतला आणि म्हणाल्या, “बेटा, नियम तुटला तर प्रायश्चित्त घेता येते, नियम पुन्हा घेता येतो. तू लपवले असतेस, तर मी काय करणार होते?” दुसऱ्या दिवशी लेकीने उपवास केला आणि नियम पुन्हा घेतला. आमच्या घरात त्या घासाचा उल्लेख नंतर कोणी केला नाही. आज मी करते आहे तो एवढ्याचसाठी की, असा घास आणखी काही मुलांच्या घशात अडकला असेल आणि घरी सांगण्याची भीती त्यांना त्या घासाहून जड वाटत असेल.

पुढच्या वर्षी वाट सापडली, आणि ती त्या देशाच्या रीतीतूनच सापडली. जर्मनीत वाढदिवसाच्या दिवशी मित्रांकडून केकची अपेक्षा करायची नसते; ज्याचा वाढदिवस त्यानेच खाऊ घेऊन जायचा असतो. पहिल्या वर्षी तिला हे माहीत नव्हते आणि ती रिकाम्या हाताने गेली, म्हणून तर मित्रांनी केक आणला होता. शेजारच्या नेदरलँड्समध्ये तर वाढदिवस असलेल्या व्यक्तीबरोबर तिच्या आईवडिलांचेही अभिनंदन करतात. देणारा हात आपला असला की ताटात काय असावे हेही आपणच ठरवतो. व्यापारी घरातील मुलीला हे लगेच उमगले.

त्या पहाटे उठून तिने शिरा केला. गव्हाचा रवा तेथे ‘ग्रीस’ या नावाने कोणत्याही किराणा दुकानात मिळतो. कढवलेले लोणी ‘बुटरश्माल्त्स’ या नावाने डब्यात मिळते, ते आपले तूपच. वेलदोडा तिने नाशिकहून नेला होता. डबा उघडताच दरवळ सुटला. कोणी विचारले, यात अंडे का नाही? तिने दोन वाक्यांत सांगितले. वाद झाला नाही, थट्टा झाली नाही. एका मुलीने तर कृती लिहून घेतली. आता दर डिसेंबरात तेथे तिच्या शिऱ्याची वाट पाहिली जाते.

ज्यांना बाजारातून काही आणावे लागते, त्यांच्यासाठी तिच्या अनुभवातील चार गोष्टी येथे नोंदवते. आपल्याकडील हिरव्या ठिपक्यासारखी सक्तीची खूण तेथे वेष्टनावर नसते. परंतु युरोपच्या कायद्यानुसार ज्या चौदा पदार्थांची काहींना बाधा होते ते घटकांच्या यादीत उठून दिसतील असे छापावे लागतात आणि त्यांत अंडे आहे. जर्मन भाषेत ‘आय’ किंवा ‘आयर’. केवळ ‘व्हेजिटेरियन’ या शब्दावर विसंबू नये, कारण अंड्याचा केकही त्यात मोडतो. ‘व्हीगन’ असे लिहिले असेल तर अंडे नसते. थरथरत्या जेलीत आणि मऊ गोळ्यांत बहुधा जेलॅटिन असते, ते प्राण्यांच्या हाडा-कातडीपासून करतात. लाल रंगासाठी वापरला जाणारा ई १२० हा किड्यांपासून, तर गोळ्यांना चकाकी आणणारा ई ९०४ लाखेच्या किड्यांपासून मिळतो. ई ९०१ म्हणजे मधमाशांचे मेण. मुलांच्या केकवर ससा, मासा, अस्वल अशी चित्रे असतात. यशोधर राजाच्या कथेतील पिठाचा कोंबडा ज्यांनी ऐकला आहे त्यांना अशा आकारावर सुरी का चालवू नये हे सांगायला नको.

चौविहार पाळणाऱ्यांना त्या देशांचा सूर्यही वेगळा भेटतो. आपल्या नाशिकला डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो आणि जूनमध्ये सव्वासातच्या आसपास. वर्षभरात फरक पडतो तो तासा-सव्वातासाचा. लंडनला डिसेंबरात तो चार वाजण्यापूर्वीच मावळतो आणि जूनमध्ये रात्री नऊनंतर. जूनमध्ये जन्मलेल्यांना संध्याकाळची मेजवानी सहज जमते. डिसेंबरवाल्यांनी दुपारीच मित्रांना बोलवावे.

मेणबत्त्यांचे काय? वाढदिवसाच्या केकवर मेणबत्ती लावण्याची रीत अठराव्या शतकातील जर्मनीत आढळते, म्हणजे आमची लेक त्या रीतीच्या माहेरीच राहते. सासूबाईंना ज्योत फुंकणे पटत नाही. अग्निकायाच्या जीवांचा विचार केला तर दिवा लावणेही पूर्ण निर्दोष नाही हे त्या जाणतात. म्हणून त्यांच्या निरांजनातील वात बोटाच्या पेराएवढीच असते; ओवाळून झाले की थोड्या वेळात आपोआप शांत होते.

मुळात आपल्याकडे जन्मदिवसाचा अर्थ काय? तीर्थंकरांच्या पाच कल्याणकांत जन्माची गणना होते. तो जन्म वंदनीय ठरला, कारण तो शेवटचा होता. त्यानंतर जन्ममरणाचा फेरा उरला नाही. आपला जन्म तसा नाही. मग आपण त्या दिवशी काय करावे? व्यापारी माणूस दिवाळीला वही बदलतो, जुन्या खात्यांवर नजर टाकतो, येणे-देणे तपासतो. वाढदिवस ही आयुष्याच्या वहीची तशीच वेळ आहे. किती वर्षे जमा झाली याहून किती उरली हे कोणालाच ठाऊक नाही, हे त्या दिवशी आठवावे. वीरचंदभाई सदतिसाव्या वाढदिवसाच्या अठरा दिवस आधी, ७ ऑगस्ट १९०१ रोजी मुंबईत निवर्तले. पण तेवढ्या वर्षांत त्यांच्या खात्यावर किती जमा झाले होते!

आमच्या लेकीने यातून स्वतःची एक रीत घालून घेतली आहे. तारखेचा वाढदिवस ती मित्रांबरोबर साजरा करते, शिऱ्याचा डबा घेऊन. तिथीचा दिवस ती कोणाला सांगत नाही. त्या दिवशी उपवास आणि जमेल तितके मौन. प्रयोगशाळेत बोलावेच लागते, तेव्हा कामापुरते बोलते. आणि आपल्या शिष्यवृत्तीतून काही रक्कम बाजूला काढून ती १८७८ पासून मुक्या जीवांना सांभाळणाऱ्या आपल्या नाशिक पंचवटी पांजरपोळात चाऱ्यासाठी पाठवते. पावती आमच्या पत्त्यावर येते. यजमान ती गल्ल्यात ठेवतात, हिशेबाच्या कागदांपासून वेगळी.

यंदा तिने औक्षणासाठी एक छोटे निरांजन तेथेच घेऊन ठेवले आहे. इकडे सासूबाई ओवाळतील, तिकडे ती स्वतःच्या हाताने टेबलावर वात लावील. कुंकवाचा प्रश्न मात्र सुटलेला नाही. काच मध्ये आहेच.

परवा मी पाहिले, भिंतीवरच्या कॅलेंडरात त्या तारखेच्या चौकोनात सासूबाईंनी पेन्सिलीने काहीतरी लिहिले होते. चष्मा लावून वाचले. नाशिकच्या सूर्यास्ताच्या खाली, थरथरत्या अक्षरांत, त्यांनी नातीच्या गावचा सूर्यास्त लिहून ठेवला होता.