देवनहळ्ळीची हवा, दर अर्ध्या तासाला

बेंगळुरूत संगणकावर काम करणाऱ्या माणसाच्या काळ्या टर्मिनलवर ‘वेदर’ हा शब्द आणि पुढे व्ही, ओ, बी, एल ही चार अक्षरे टाकून एंटर दाबले, की थोड्याच ओळी उमटतात. ठिकाण, नोंदीची वेळ, तापमान, वारा, आर्द्रता, आकाश. खेळ संपला. ढगाचे चित्र नाही, जाहिरात नाही.

हे आहे ‘वेदर-युटिल’. जेरेमी स्टॅनली यांनी पायथन भाषेत लिहिलेले, डेबियन आणि उबुंटूवर फुकट मिळणारे. आकडे सेल्सिअसमध्ये हवे असतील तर आज्ञेत ‘मेट्रिक’ जोडायचे. एकदा आणलेली नोंद ते पंधरा मिनिटे जवळ ठेवते आणि तेवढ्यात पुन्हा विचारले तर सर्व्हरला त्रास न देता तीच दाखवते. लोकांच्या पैशांवर चालणारा सर्व्हर जपून वापरावा, ही समज प्रोग्रामातच घातलेली आहे. मला या छोट्या गोष्टीचे मोठे अप्रूप वाटते.

व्हीओबीएल हा केंपेगौडा विमानतळाचा संकेत. हा विमानतळ २००८च्या मे महिन्यात देवनहळ्ळीजवळ सुरू झाला. संकेतातले दुसरे अक्षर हवाई विभागाचे असते: मुंबई विभागाला ‘ए’, चेन्नई विभागाला ‘ओ’. म्हणून मुंबई व्हीएबीबी, पुणे व्हीएपीओ, नागपूर व्हीएएनपी. दाबोळी मात्र व्हीओजीओ; या हिशेबात गोवा बेंगळुरूच्या पंगतीला बसतो.

विमानतळावरच्या हवामान कार्यालयातून साधारण दर अर्ध्या तासाला एक सांकेतिक ओळ निघते. तिला मेटार म्हणतात. हवा एकाएकी पालटली तर अर्धा तास व्हायची वाट न पाहता खास नोंद काढतात. ही ओळ जगभरच्या हवामान खात्यांना जोडणाऱ्या जाळ्यातून अमेरिकेच्या हवामान खात्याच्या सर्व्हरवर पोहोचते आणि वेदर-युटिल ती तिथून उचलते. म्हणजे बेंगळुरूच्या जयनगरात बसलेल्या माणसाला देवनहळ्ळीची हवा अमेरिकेहून कळते!

ती ओळ एकदा तरी कच्च्या रूपात वाचावी. समजा, मे महिन्यातली एक नोंद अशी आहे: ‘व्हीओबीएल १८१३३० झेड, ०९०१२ केटी, ४०००, टीएसआरए, २२/२०, क्यू १०१२’. अठरा तारीख, ग्रीनिचचे साडेतेरा, म्हणजे आपले संध्याकाळचे सात. वारा पूर्वेकडून, बारा नॉट, ताशी सुमारे २२ किलोमीटर. चार किलोमीटरपर्यंतचे दिसते आहे. विजांसह पाऊस चालू आहे. तापमान २२, दवबिंदू २०. हे दोन आकडे जवळ आले की हवा बाष्पाने काठोकाठ भरली असे समजायचे. डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे ते एकमेकांना भिडतात, देवनहळ्ळीवर धुके उतरते आणि विमाने खोळंबतात.

शेवटचा आकडा सर्वांत फसवा. बेंगळुरू समुद्रसपाटीपासून नऊशे मीटरहून उंच. तिथल्या हवेचा खरा दाब सुमारे ९१० हेक्टोपास्कल असतो, आणि ज्या फोनात दाबमापक आहे तो तेवढाच दाखवतो. मग ओळीत १०१२ का? कारण तो समुद्रसपाटीवर आणून सांगितलेला दाब आहे. वैमानिक उंचीमापकावर हाच आकडा लावतो, तेव्हा काटा समुद्रसपाटीपासूनची उंची दाखवतो. ही ओळ मुळात त्याच्यासाठी लिहिली जाते; आपण तिचे आगंतुक वाचक.

तरीही मला तिचाच भरवसा वाटतो. फोनमधल्या बऱ्याच ॲपांवरचे ‘आत्ताचे तापमान’ प्रतिमानाने आजूबाजूच्या आकड्यांवरून काढलेले असते. मेटारमागे एक जागा, एक वेळ आणि प्रत्यक्ष लावलेली उपकरणे असतात. नोंद पाऊण तास जुनी असेल तर तसे वर लिहिलेलेच असते.

पण शहर मोठे आहे. देवनहळ्ळी शहराच्या मध्यापासून पस्तीसेक किलोमीटर उत्तरेला, आणि बेंगळुरूचा वळीव एका पेठेला झोडपून शेजारच्या पेठेला कोरडे सोडणारा. त्यात आपल्याकडच्या मेटारमध्ये पाऊस पडतो आहे हे कळते, किती पडला हे कळत नाही. मिलिमीटर हवे असतील तर पर्जन्यमापकाकडेच जावे लागते. २ जून २०२४ रोजी शहराच्या वेधशाळेत १११.१ मिलिमीटर पाऊस मोजला गेला आणि जूनमधल्या एका दिवसाच्या पावसाचा १८९१ सालचा विक्रम मोडला. तोही एकाच जागचा आकडा.

ही उणीव कर्नाटकाने आपल्या परीने भरून काढली. १९८८ साली दुष्काळावर लक्ष ठेवण्यासाठी एक कक्ष उघडला होता. त्याचेच पुढे राज्य नैसर्गिक आपत्ती देखरेख केंद्र झाले. ते बेंगळुरूच्या येलहंका भागात आहे. त्याचे पर्जन्यमापक ग्रामपंचायतींपर्यंत पोहोचले आहेत, सहा हजारांहून अधिक, आणि ते मोबाइलच्या जाळ्यावरून दर पंधरा मिनिटांनी आकडा पाठवतात. बेंगळुरूकरांसाठी ‘मेघसंदेश’ नावाचे ॲप आहे. ते भारतीय विज्ञान संस्थेच्या सोबतीने तयार झाले. ५ सप्टेंबर २०२२ला बेळ्ळंदूर आणि बाहेरचा रिंग रोड पाण्याखाली गेला, तेव्हा शहराच्या कोणत्या टोकाला किती पाऊस झाला हे कळणे किती गरजेचे आहे, ते सगळ्यांना पटले.

आणि ज्याच्याकडे टर्मिनल नाही, ॲपही नाही, त्या शेतकऱ्यासाठी याच केंद्राची ‘वरुणमित्र’ ही चोवीस तासांची दूरध्वनी सेवा आहे. फोन लावायचा, गाव सांगायचे. पलीकडचा माणूस समोरच्या पडद्यावर त्या भागातला पाऊस पाहून कन्नडमध्ये सांगतो. वेदर-युटिल चार अक्षरांवर जे काम करते, तेच हा माणूस गावाच्या नावावर करतो. इकडे महाराष्ट्रात सोलापूर-सांगलीच्या द्राक्षबागाईतदाराला औषध फवारायचे की थांबायचे, हे ठरवताना असाच पलीकडचा माणूस हवा असतो.