पिशवीचा बंद उभाच का कापायचा?

पिशव्या शिवायला आपल्याकडे नॉनवोव्हन कापड येतं. त्यात ना उभा धागा ना आडवा, कारण ते विणलेलंच नसतं. बहुतेक वेळा ते पॉलिप्रॉपिलीन नावाचं प्लास्टिक असतं. ते वितळवून, शेव पाडावी तसं बारीक भोकांतून काढतात आणि गार होता होता हवेच्या झोताने ओढतात. या ओढीनेच धागा चिवट होतो. मग सरकत्या पट्ट्यावर धागे पसरून तापलेल्या रुळांखाली दाबतात. कापडावर दिसतात ते ठिपके म्हणजे धागे चिकटल्याच्या जागा.

पट्टा पुढे पळतो, म्हणून बरेच धागे लांबीकडे झुकतात. त्यामुळे कापड रोलच्या लांबीत सहसा जास्त ताण सोसतं. नवा रोल आला की आम्ही दोन सारख्या पट्ट्या कापतो, एक उभी, एक आडवी, आणि ओढून बघतो. बंद उभेच कापायचे. कापड वाचवायला आडवे कापले आणि ऑर्डर परत आली, तर मजुरी कोण देणार?

टाके फार जवळ घेऊ नका. सुईच्या भोकांची रांग लागली की कापड तिथेच फाटतं. बंदाच्या टोकाला चौकोन शिवून आत फुली मारा, म्हणजे भार पसरतो. कापड घेताना वजन विचारा. 30 सप्टेंबर 2021 पासून अशा पिशवीला चौरस मीटरमागे किमान 60 ग्रॅमचं कापड लागतं. आणि तयार माल अंगणात ठेवू नका, उन्हाने तो ठिसूळ होतो.